अप्पांची अर्धी बाटली

१

वाईन खराब झाली नव्हती, आणि घोटाळा नेमका तिथेच होता.

थोरली फ्रिजचं दार उघडं टाकून तशीच उभी राहिली. भांड्यांच्या जाळीत पालथ्या घातलेल्या नरसाळ्याशेजारून तिने चहाचा एक कप उचलला होता, आणि आता त्या कपात घोटभर लाल वाईन होती. चोरून ओतलेली. परीक्षक येईपर्यंत या बाटलीला कुणी बोटही लावायचं नाही, असं आत्याने सगळ्यांसमोर बजावलं होतं. पण रविवारची सकाळ, घर अजून अंथरुणात. म्हटलं, बघावं तरी अप्पांची वाईन कितपत तग धरून आहे.

तग कसली धरतेय, ती तर टुणटुणीत होती!

बाटली गुरुवारी उघडलेली. अर्धी जेवताना संपली, उरलेली तिचंच बूच परत दाबून फ्रिजच्या दारात उभी केली. म्हणजे अर्धी वाईन आणि अर्धी हवा. फ्रिजमध्ये ठेवली तरी अशी वाईन रविवारपर्यंत थकतेच. फळाचा वास मंदावतो, चव सपाट होते. हे थोरलीला कुणी शिकवायला नको होतं, तिचं अख्खं बालपण तळघरातल्या पिंपांमागे लपाछपी खेळण्यात गेलं होतं. आणि कपातली वाईन तर काल उघडल्यासारखी ताजी होती.

तिने बाटली उजेडात धरली. गुरुवारी सगळ्यांची पाठ वळल्यावर तिने बाटलीला एक रबरबँड चढवलं होतं, बरोबर वाईनच्या पातळीवर. संशयी म्हणा, खुशाल म्हणा. तिने आत्ता ओतलेला घोट सोडला तर पातळी अजूनही रबरबँडशी होती. म्हणजे कुणी प्यायलं नव्हतं. कुणीतरी आतली वाईन बदलली होती.

आणि बदललेली वाईन अप्पांच्या इतकी जवळ जाणारी होती की थोरलीने कप पुन्हा नाकाशी नेला. पुढच्याच क्षणी तळपायाची आग मस्तकात गेली. अशी वाईन या घरात आणखी कोण करणार? धाकटी! अप्पांची लाडकी, अप्पांची सावली, अप्पांनी जिला बोट धरून सगळं शिकवलं ती. आपलीच वाईन अप्पांच्या बाटलीत ओतून बसली होती चोरटी. परीक्षक दोन्ही चाखणार आणि म्हणणार, वा, अगदी बापासारखी!

"आत्या!" थोरली अशी ओरडली की शेजारच्यांच्याही खिडक्या उघडल्या असतील.

२

आत्या म्हणजे अप्पांची बहीण. आयुष्यभर अन्न निरीक्षक होती. दुधात पाणी घालणाऱ्यांची ती रस्त्यावर दिसली तरी गाळण उडायची. निवृत्त झाल्यावरही कुणाच्या घरी पाहुणी गेली की साखरेच्या डब्यात बोट घालून बघायची सवय काही सुटली नव्हती.

ती शाल गुंडाळत स्वयंपाकघरात आली, बाटलीकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं आणि म्हणाली, "नियम मोडलास तो मोडलास. आता गप्प बस आणि मला विचार करू दे."

विचार करण्यासारखंच प्रकरण होतं. जाण्यापूर्वी अप्पांनी सांगून ठेवलं होतं: माझ्या शेवटच्या मिश्रणाची एक बाटली राखून ठेवली आहे. दोघी मुलींनी आपापलं मिश्रण जमवावं. जिची चव माझ्या बाटलीच्या जास्त जवळ, तिला तळघर. दुसरीला नफ्यात वाटा मिळेल, पण तळघरात तिने लुडबुड करायची नाही. दोघींनी मिळून चालवा, असं ते म्हणाले नाहीत. दोघी पहिल्याच आठवड्यात एकमेकींच्या झिंज्या उपटतील याची त्यांना खात्री होती.

निवाडा करणार होते अप्पांचे जुने स्नेही. वाईन चाखणं हाच त्यांचा धंदा, म्हणून घरात सगळे त्यांना परीक्षकच म्हणत. ते गुरुवारी यायचे होते. टेबल मांडलं, वाईनला जरा हवा लागावी म्हणून अप्पांची बाटली उघडली, आणि परीक्षकांचा निरोप आला: वाटेत गाडी बंद पडली, आता दोन-तीन दिवस जमत नाही. उघडलेली बाटली परत बंद थोडीच होते? आईने म्हटलं, अर्धी आपण घेऊ, अर्धी ठेवू.

उरलेली नीट टिकवायची कशी, यावरून मग तमाशा झाला. तळघरात बाटलीत गॅस सोडायचं नळकांडं होतं, त्याने हवेचा त्रास मिटला असता. पण निकाल लागेपर्यंत तळघराची किल्ली आत्याच्या पर्समध्ये. किल्ली काढायची तर थोरलीला वाटणार, धाकटी आत जाऊन काहीतरी करील. धाकटी म्हणाली, मी दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवते, तर थोरली म्हणाली, तू हातही लावायचा नाहीस. थोरली म्हणाली, मग मी ठेवते, तर धाकटी नुसती हसली. शेवटी वैतागून आत्याने हुकूम सोडला: आहे तशी फ्रिजमध्ये, कुणी हात लावायचा नाही. जगातली शेवटची बाटली, आणि दोघी जाणकार मुलींनी मत्सरापायी ती हवेच्या तोंडी दिली होती.

आत्याने फ्रिज उघडला. "नीट बघ. इथे काय नवीन दिसतंय?"

थोरलीने पाहिलं. दूध, लोणी, अंडी, अर्धं कापलेलं कलिंगड, दुधामागे ती कायमची जाड हिरव्या काचेची बुटकी बाटली. "काहीच नाही."

"हं," आत्या म्हणाली. "आता मला एक सांग. बाटलीतली जुनी वाईन गेली कुठे?"

थोरलीला हा प्रश्न सुचलाच नव्हता.

३

पहिला नंबर धाकटीचा. विस्कटलेले केस, पायात दोन वेगवेगळ्या चपला. आत्याने तिच्यापुढे कप सरकवला. धाकटीने वास घेतला, घोट घेतला, आणि तिचा चेहरा एकदम दगडासारखा झाला.

"ही अप्पांची नाही," ती म्हणाली.

"ते आम्हालाही कळलं," थोरली फणकारली. "कुणाची ते सांग की. लाज वाटते?"

धाकटीने बहिणीकडे बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत राग होता आणि आणखीही काही होतं, जे थोरलीला ओळखता आलं नाही. "माझी नाही, एवढं सांगते. बाकी मला काही बोलायचं नाही." आणि ती अंगणात निघून गेली.

"बघितलंस?" थोरली म्हणाली. "तोंड उघडायची सोय नाही राहिली."

"तोंड बंद ठेवणारे दोन प्रकारचे असतात," आत्या म्हणाली. "एक स्वतःला वाचवणारे. तुझ्या नवऱ्याला बोलव."

थोरलीचा नवरा दातांचा डॉक्टर. सासुरवाडी वाईनवाल्यांची, आणि याला सगळ्या वाईनी एकसारख्या लागत. त्यांनी दातांवर डाग पडतात एवढंच त्याचं त्या विषयातलं ज्ञान. पण बायकोला तळघर मिळालं तर त्याचंही कल्याणच होतं, म्हणून आत्याने त्यालाही सोडलं नाही.

"जावईबापू, काल संध्याकाळी कुठे होतात?"

"तुम्ही बाहेर पडल्यावर आम्हीही सगळे बाहेर गेलो होतो. फुलं, मेणबत्त्या आणायला. ही आणि धाकटी गाडीत एकमेकींशी चकार शब्द बोलल्या नाहीत, मी एकटाच हवापाण्यावर बोलत होतो. घरी फक्त सासूबाई होत्या. परीक्षकांचा फोन त्यांनीच घेतला ना."

"आणि दोघींच्या वाईनची खोकी?"

"कोठीच्या खोलीत. मीच वाहून आणली होती, कंबर धरली होती माझी."

आत्या कोठीच्या खोलीत गेली आणि परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर निरीक्षकाची जुनी चमक होती. "खोक्यातली एक बाटली गायब आहे."

"धाकटीच्या!" थोरली जवळजवळ नाचली.

"तिच्या खोक्यातली एक," आत्या म्हणाली, "आणि तुझ्याही खोक्यातली एक."

थोरलीने नवऱ्याकडे असं पाहिलं की तो बिचारा दोन पावलं मागे सरकला. "मी नाही हं," तो म्हणाला. "मला बूच काढता तरी येतं का?"

हे खरं होतं. लग्नाच्या वाढदिवसाला त्याने बूच आत ढकललं होतं.

मग आई आली. तिने गॅसवर दूध ठेवलं, कुणाकडे न बघता. आत्याने विचारलं, "वहिनी, परीक्षक फोनवर काय म्हणाले?"

"आज दुपारी येतो म्हणाले. पांढरा टेबलक्लॉथ घाला, खिडक्या उघड्या ठेवा, उग्र वासाची फुलं नकोत." आई दूध ढवळत राहिली. "आणि थुंकायला एक भांडं ठेवा म्हणाले."

"मग? चाखणारे थुंकतातच की," थोरली म्हणाली. "आई, तू यात पडू नकोस. तुला वाईनमधलं काय कळतंय?"

आईने गॅस बंद केला. दूध उतू गेलं नव्हतं तरी.

४

आत्याने टेबलावर दोन ग्लास मांडले आणि थोरलीला पाठ करून बसवलं. कोठीतून दोघींची एकेक सीलबंद बाटली आणून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली होती, कारण थंड वाईन आणि कोमट वाईन यांची तुलना म्हणजे पोरखेळ. एका ग्लासाच्या तळाला तिने खडूची खूण केली. धाकटीला अंगणातून बोलावून दारात उभं केलं.

"कपातली वाईन यांतल्या कुठल्या ग्लासात आहे, ते सांगायचं. बास."

थोरलीला हसू आलं. हे काय सांगायचं? तिने पहिला ग्लास नाकाशी नेला. वाईन चांगली होती, गोलसर, पण जरा आंबटपणा पुढे येत होता. ही आपली असणार. आपली वाईन तिने बाटल्यांत भरली त्या दिवशी चाखली होती, तेव्हा ती अशीच बोचरी, बेचैन लागली होती. त्यानंतर पुन्हा बूच काढून बघायचा धीर तिला झाला नव्हता. नापास झाल्याचं प्रगतिपत्रक कोण परत परत वाचतं?

दुसरा ग्लास. तोच वास. तोच घोट, तोच शेवटी हळूच रेंगाळणारा कडवटपणा, अप्पांच्या सुपारीसारखा. डोळ्यांत पाणी आलं आणि मत्सराने छाती भरून आली. किती छान जमवली होती भवानीने!

"ही," थोरलीने दुसरा ग्लास पुढे सरकवला. "कपातली वाईन हीच. आणि ही धाकटीची आहे, अजून कुणाला शंका?"

आत्याने ग्लास वर उचलून तळ दाखवला. खडूची खूण.

"खूण केली होती ती तुझ्या बाटलीच्या ग्लासाला," आत्या म्हणाली.

थोरलीने आत्याच्या हातातून ग्लास घेऊन खूण स्वतः पाहिली. तिची स्वतःची वाईन! जिच्यावर ती सकाळपासून जळत होती ती तिचीच होती. महिनाभर बाटलीत शांत बसून ती मुरली होती, आणि थोरलीला पत्ताच नव्हता. अप्पांसारखी चव म्हणजे धाकटीच, हे तिने इतक्या वर्षांत इतकं पक्कं धरलं होतं की जिभेने खरं सांगूनही तिने ऐकलं नाही.

आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली, त्याहून वाईट. अप्पांच्या बाटलीत थोरलीची वाईन. म्हणजे आता चोर कोण ठरलं?

जावईबापू बायकोकडे बघत होते, आणि त्यांच्याही डोळ्यांत तो प्रश्न होता.

५

"घाबरू नकोस," आत्या म्हणाली. "तू केलं असतंस तर सकाळी गावभर ओरडली नसतीस. धाकटीने तुला अडकवायला केलं असतं तर कप चाखल्याबरोबर तुझं नाव घेतलं असतं. तिने ओळखलं होतं. हो ना गं?"

"पहिल्याच घोटाला," धाकटी दारातून म्हणाली. "मला वाटलं ताईनेच केलं."

"मग बोलली का नाहीस?" थोरलीचा आवाज फुटला.

"परीक्षकांपुढे तुझी शोभा झाली असती. आणि..." धाकटीने नाक पुसलं, "जळत होते मी. इतकी चांगली जमली होती तुला, तोंडातून शब्दच फुटेना."

आत्याने टेबलावर बोटं वाजवली. "आता गायब बाटल्या. दोन्ही खोक्यांतून एकेक. जिला स्वतः जिंकायचं, ती आपलीच उघडील. जिला दुसरीला अडकवायचं, ती दुसरीचीच. दोन्ही उघडल्या, म्हणजे कुणीतरी निवड करत होतं. कोण जिंकतं याच्याशी त्या माणसाला देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त अप्पांसारखी लागणारी वाईन हवी होती, बाटलीतली अर्धी जागा भरायला."

"पण कशासाठी?" जावईबापू म्हणाले.

"त्या जागेत आधी जे होतं त्यासाठी. जुनी वाईन गेली कुठे, हा माझा पहिला प्रश्न होता. नुसती मोरीत ओतायची तर कुणी एवढा खटाटोप करत नाही, ती कुठेतरी काढून ठेवली असणार. सकाळी जाळीत नरसाळं धुऊन पालथं घातलेलं होतं. धाकटी वस्तू धूत नाही, जावईबापूंना नरसाळं कुठे असतं हेही ठाऊक नाही, आणि थोरली, तू धुतलेलं पुसून ठेवतेस." ती उठली, तिने फ्रिज उघडला. "मी विचारलं, नवीन काय आहे. चूक माझी. विचारायला हवं होतं, इथे असायला नको असं जुनं काय आहे."

तिने दुधामागची हिरवी बुटकी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"ती तर कायमच..." थोरली बोलता बोलता थांबली.

कायमच असायची. अप्पा आणि आई रोज संध्याकाळी एक बाटली उघडत, अर्धी संपवत, आणि उरलेली आई या छोट्या बाटलीत ओतून ठेवी. झाकणापर्यंत गच्च, हवेला जागाच नाही. दुसऱ्या संध्याकाळी तीच वाईन पुन्हा ताजी. पण अप्पा गेल्यापासून आई संध्याकाळी पीत नव्हती. हिरवी बाटली वरच्या फळीवर कोरडी पडली होती. ती फ्रिजमध्ये परत आली, आणि डोळ्यांना इतकी सवयीची की कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

आत्याने झाकण उघडलं. वाईन काठोकाठ होती. जराशी टेबलावर सांडली.

"वहिनी," आत्या हळू आवाजात म्हणाली.

आई खुर्चीवर बसली. "हो वन्सं. मीच."

"पण का, आई?"

"दोन दिवस मी बघत होते," आई म्हणाली. "म्हटलं, दोघींतली एक तरी म्हणेल, आई, ती हिरवी बाटली दे, अप्पांची वाईन मरतेय. एकही बोलली नाही. एकमेकींवर डोळे लावून बसलात. काल त्या भल्या माणसाचा फोन आला, थुंकायला भांडं ठेवा म्हणून. यांचा शेवटचा घोट, आणि तो थुंकणार?" तिचा आवाज चढला, कधी नव्हे तो. "तुम्हाला मत्सर ठाऊक आहे असं वाटतं तुम्हाला! यांनी दिवसभराचं सगळं बोलणं तळघरात तुमच्यापाशी संपवलं. वर यायचे ते थकून. माझ्या वाट्याला काय, तर संध्याकाळची अर्धी बाटली. कितीदा वाटायचं, तळघरात जाऊन सगळी पिंपं फोडावीत. ती अर्धी माझी होती. ती मी कुणाला देणार नव्हते."

मग धाकटीने विचारलंच, न राहवून. "आणि ताईचीच का घेतलीस?"

"दोन्ही उघडल्या. तुझी छान होती गं. हिची घेतली, आणि वाटलं समोरच्या खुर्चीत कुणीतरी बसलंय." आईने डोळे पुसले. "तेवढ्यात हिचं ते रबरबँड दिसलं. म्हटलं, घे, तुझ्या खुणेपर्यंत भरते."

"उरलेल्या वाईनचं काय केलंत?" जावईबापूंनी विचारलं.

"सकाळपासून डोकं दुखतंय माझं," आई म्हणाली.

६

अप्पांची वाईन घरच्यांनीच प्यायली, स्वयंपाकघरातल्या साध्या ग्लासांतून. जावईबापूंनाही घोटभर मिळाली आणि त्यांनी दातांबद्दल अवाक्षर काढलं नाही. ती दोन दिवस हवेत राहून जरा थकली होती. पण अप्पाच होते ते, शेवटच्या दिवसांतले. कुणी थुंकलं नाही.

ग्लास रिकामे झाले आणि दारावरची घंटा वाजली. थोरली गेली. दारात परीक्षक, हातात स्वतःच्या ग्लासाची पेटी.

"बाटली संपली," थोरली म्हणाली. "आणि परीक्षाही. आईने घेतली."

परीक्षकांनी आत बसलेल्या आईकडे पाहिलं, टेबलावरची हिरवी बाटली पाहिली, आणि काय समजायचं ते समजले असावेत. "वहिनींनी घेतली असेल तर मी फक्त जेवायला आलो असं समजा," ते म्हणाले.

आत्याने पर्स उघडून तळघराची किल्ली थोरलीपुढे ठेवली. या किल्लीसाठी थोरलीने झोप उडवून घेतली होती, आणि आता तिला ती उचलवेना. समोर धाकटी खाली मान घालून उभी होती. सकाळपासून जिला चोरटी म्हटलं, तिनेच तिला झाकलं होतं.

"चुकले मी," थोरली म्हणाली. "तुझ्यावर इतकी जळत होते की माझी वाईन मलाच कळली नाही." तिने किल्ली उचलली. "उद्या सकाळी तळघरात ये."

"कशाला? हरलेय मी. लुडबुड करायची नाही, असं अप्पांनी सांगितलंय."

"लुडबुड कुठे करतेयस? मी बोलावतेय. मला माझंच ओळखता येत नाही. ओळखणारं माणूस लागेल."

धाकटीने विचार केल्याचं नाटक केलं. "येईन. पण मालकीणबाई म्हणणार नाही. आणि माझं जळणं थांबलं असंही समजू नकोस."

"माझं तरी कुठे थांबलंय?"

जेवताना थोरलीची बाटली उघडली. परीक्षकांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि थुंकायचं भांडं हाताने दूर सारलं. जेवण आटोपलं तेव्हा अर्धी बाटली उरली होती. आई उठली, तिने हिरवी बाटली विसळून आणली आणि मुलींच्या मध्ये ठेवली.

"काठोकाठ," ती म्हणाली.

थोरलीने नरसाळं धरलं, धाकटीने ओतायला घेतलं.

"सांडशील."

"तू नीट धर."

"धरलंय नीट. तू हळू ओत."